दम आधी येतो, कंडरा मागून

5 नोव्हेंबर 1994 रोजी लास वेगासमध्ये जॉर्ज फोरमन या अमेरिकी बॉक्सरने विश्वविजेत्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवं केलं. फोरमन 45 वर्षांचा, मूरर 26 चा. तोवर गुणांवर फोरमन मागेच होता. हा ठोसा सगळ्यांच्या लक्षात राहिला, त्याआधीची कंटाळवाणी वर्षं मात्र फारशी कुणी मोजली नाहीत. 1977 मध्ये खेळ सोडलेला हा माणूस 1987 मध्ये परतला तेव्हा त्याचं वजन सुमारे 121 किलो होतं. पुढची चार वर्षं त्याने बहुतेक दुय्यम प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यात घालवली आणि ओळीने 24 लढती जिंकल्या. मगच 1991 मध्ये तो तेव्हाच्या विश्वविजेत्या इव्हँडर होलिफिल्डसमोर उभा राहिला. तेव्हा लोक या 24 लढतींना हसले. शरीराच्या हिशेबाने पाहिलं, तर त्याच्या पुनरागमनातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच होती.

उलट उदाहरण मुहम्मद अलीचं. 2 ऑक्टोबर 1980 रोजी, वयाच्या 38 व्या वर्षी, दोन वर्षांच्या खंडानंतर तो तेव्हाच्या विश्वविजेत्या लॅरी होम्ससमोर उतरला. वजन झपाट्याने उतरवलं होतं, त्यात थायरॉइडच्या गोळ्याही होत्या. आरशात तो तरुण दिसत होता. पण गरज नसताना घेतलेलं हे संप्रेरक चरबीबरोबर स्नायूही खातं, नाडी वाढवतं आणि उष्णता सोसू देत नाही. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानेच लढत थांबवली.

मराठवाडा तसा कुस्तीचा मुलूख. हरिश्चंद्र बिराजदारांच्या लातूर जिल्ह्यात आजही जत्रेच्या फडात चाळिशी ओलांडलेला पैलवान "एक कुस्ती होऊनच जाऊ द्या" म्हणत लंगोट कसतो. बॉक्सर त्या मानाने कमी, पण छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीकडे कॉलेजात हातमोजे चढवलेले आणि नोकरी-शेतीत दहा-पंधरा वर्षं घालवून पुन्हा ठोसे मारायच्या बॅगपाशी आलेले लोक आहेत. ऑलिम्पिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये वरिष्ठ गटाची वयोमर्यादा 40 आहे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला प्रदर्शनी सामने आणि सराव एवढंच उरतं. तरी शरीराचे नियम बदलत नाहीत. अडचण अशी, की शरीराचा प्रत्येक भाग वेगळ्या घड्याळावर परत येतो.

सगळ्यात आधी जातो तो दम, आणि आधी परततोही तोच. सराव थांबला की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव कमी होतो, प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त फेकतं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे 7 टक्के आणि दोन-तीन महिन्यांत सुमारे 16 टक्के उतरते. अमेरिकेत डॅलसला 1966 मध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. त्यांची ही क्षमता चौथाईहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या म्हातारपणाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी भरलं. सहा महिन्यांच्या सरावाने ते विशीतल्या मूळ पातळीवर परतलेसुद्धा! परत न येणारी गोष्ट म्हणजे नाडीची कमाल गती. 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करा: पंचविशीत साधारण 190, पंचेचाळिशीत 176. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात पूर्वीसारखं सावरता येत नाही, त्याचं हे एक कारण असू शकतं.

स्नायूंची आठवण दांडगी असते. कसलेल्या स्नायूतंतूंमध्ये जादा केंद्रकं तयार होतात, आणि स्नायू रोडावला तरी ती टिकतात, असं नॉर्वेतल्या संशोधकांना 2010 मध्ये उंदरांत दिसलं. माणसात हे नेमकं असंच घडतं का, यावर वाद चालू आहे. पण जुना खेळाडू नवख्यापेक्षा लवकर भरतो, हे कुठल्याही तालमीतला वस्ताद सांगेल. त्यासाठी खुराक मात्र लागतो. वजनाच्या दर किलोला रोज 1.6 ग्रॅम प्रथिनं धरली, तर 80 किलोच्या माणसाला 128 ग्रॅम होतात. चाळिशीनंतर ती चार वेळच्या जेवणांत वाटून घ्यावीत, कारण वय वाढलं की थोड्या प्रथिनांनी स्नायू जागा होत नाही. एका वेळेला 30 ग्रॅमच्या आसपास हवीत. भाकरी-वरणावर हे जमत नाही. 50 ग्रॅम सोयावड्यांत सुमारे 26 ग्रॅम मिळतात, एका अंड्यात 6. सोयाबीन पिकवणाऱ्या लातुरात सोयावडी ताटात क्वचित दिसते, हे जरा गमतीचंच. शेंगदाणे चांगले, पण 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रथिनांबरोबर साडेपाचशेहून अधिक कॅलरी येतात. वजन उतरवायचं असेल तर मूठ आवरावी.

आता कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. खरा घोटाळा इथे आहे. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत सोडलेला किरणोत्सारी कार्बन मोजून डॅनिश संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की टाचेवरच्या कंडरेचा गाभा सतराव्या वर्षाच्या आसपास तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. रक्तपुरवठाही तुटपुंजा. भार वाढवत नेला तर कंडरा ताठ आणि भक्कम होते, पण तिला किमान तीन महिने द्यावे लागतात. दम सहा आठवड्यांत आलेला असतो, दंड भरायला लागलेले असतात, आणि सहाव्या ते दहाव्या आठवड्यात गडी खुशीत येऊन जोर लावतो. नेमकी तेव्हा टाचेमागे काठी बसल्यासारखा आवाज होतो. मागे वळून पाहावं तर कुणीच नसतं; कंडरा तुटलेली असते.

म्हणून दोरीवरच्या उड्या पहिल्या महिन्यात नकोत. आधी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचलायच्या: तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, 15 वेळा, तीन ते चार फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. दर दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचं आणि वेळा कमी करत 8 वर आणायच्या. पाचव्या आठवड्यापासून आखाड्याच्या मातीत एक-एक मिनिट दोरी. फरशीवर किंवा सिमेंटवर नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल, तर आदला डोस जास्त झाला असं समजावं. सरावात दुखतंय की नाही, यापेक्षा ही सकाळची खूण भरवशाची.

खांद्याचा हिशेब निराळा. बॅगेवर बसलेल्या ठोशाला बॅग थांबवते. हुकलेल्या ठोशाला खांद्यामागचे छोटे स्नायू आणि त्यांच्या कंडरा थांबवतात. चाळिशीत त्या कंडरा न दुखताही थोड्या विरलेल्या असू शकतात. त्यामुळे हवेतले ठोसे पूर्ण ताकदीने मारणं हे बॅगेपेक्षा धोक्याचं, आणि नेमकं तेच "हलका सराव" म्हणून आधी केलं जातं. कोपराच्या पुढची दंडाची कंडरा तुटणारेही बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले पुरुषच असतात. मधुमेह असेल तर कंडरा कडक होतात. जुलाबासाठी दुकानातून परस्पर घेतली जाणारी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं कंडरा तुटण्याची शक्यता वाढवतात. अशा गोळ्या घेतल्या असतील, तर टाच किंवा खांदा दुखताच सराव बंद करून डॉक्टर गाठावा.

उन्हाळा हा मराठवाड्याचा स्वतंत्र प्रतिस्पर्धी. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि पत्र्याच्या शेडखालची तालीम भट्टी होते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, तोवर फेऱ्या निम्म्या. सरावाआधी आणि नंतर वजन करा; एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, मिठासकट. खंडानंतरच्या पहिल्याच दिवशी जुन्या आकड्याच्या हजार बैठका मारल्या, वर ऊन, तर स्नायूपेशी फुटून त्यांतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. लघवी कोलासारखी काळपट झाली तर लिंबूपाणी पीत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. प्लास्टिकचा सूट घालून वजन उतरवणं तर बंदच करावं. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुष्कळ झालं.

सुरुवात करण्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्यावा. चालताना छातीत दडपण येत असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर हृदयाची सोनोग्राफीही.

मेंदू या सगळ्या घड्याळांच्या बाहेर आहे. त्याला पुनरागमन नाही, जुन्या माराचं खातं खंडातही उघडंच राहतं. 1928 मध्ये मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने मुष्टियोद्ध्यांच्या झोकांड्या आणि बरळण्याचं वर्णन केलं, तेव्हापासून हे माहीत आहे. वयानुसार मेंदू किंचित आकसतो. त्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि तरुणपणी पचलेला ठोसा त्या फाडू शकतो. डोक्यावरच्या संरक्षक टोपीने (हेडगार्डने) भुवई फुटणं कमी होतं, मेंदूचं हिंदकळणं थांबत नाही. त्यामुळे चाळिशीनंतरच्या सरावात डोक्यावर ठोसे नकोतच, असं आमचं स्पष्ट मत आहे. 16 औंसांचे, म्हणजे सुमारे 450 ग्रॅमचे हातमोजे, फक्त अंगावर मारायचं, तीन मिनिटांऐवजी दोन मिनिटांच्या फेऱ्या. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर तेही नको.

आणि तरी डोक्याला लागलंच, तर घरच्यांना सांगून ठेवावं. फाटलेल्या शिरांतला रक्तस्राव कधी कधी इतका सावकाश होतो, की दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, चालताना पाय ओढतो, नेहमीचा शब्द आठवत नाही. तोवर तो ठोसा खेळणाऱ्याच्या लक्षातही राहिलेला नसतो. डॉक्टरांना तारखेसकट सांगायचं काम बायकोचं किंवा पोराचं, आणि सीटी स्कॅन त्याच दिवशी.