बारीक माणसाला शुगर का होते? ७२ च्या दुष्काळापासूनची, आणि त्याच्याही आधीची पार्श्वभूमी

शुगर निघाली की डॉक्टरपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे एकच सांगतात, लाइफस्टाइल बदला, गोड बंद करा, वजन उतरवा, चालायला जा. सल्ला चुकीचा नाहीये. पण आपल्याकडे शुगरवाल्यांच्या रांगेत नीट बघितलं तर त्यात अंगाने किरकोळ असलेली कितीतरी माणसं दिसतात, आयुष्यभर शेतात राबलेली, पिझ्झा-बर्गर कधी चाखलेला नाही अशी. त्यांना वजन उतरवा म्हणून काय सांगणार? म्हणून वाटतं की नुसतं 'मॉडर्न लाइफस्टाइल' म्हणून विषय संपवला की अर्धीच गोष्ट सांगितली जाते, उरलेली अर्धी बरीच जुनी आहे आणि तिचा मोठा भाग इथे आपल्या दख्खनमध्ये घडलेला आहे.

आधी १९७२ हे साल बघू, कारण या एका वर्षात बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या. ऑक्टोबरमध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आकुर्डीच्या कारखान्यातून बजाज चेतक त्याच वर्षी बाजारात आली, तिच्यासाठी पुढे लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे आणि सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं पुणे हळूहळू स्कूटरवर गेलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने म्हणजे आयसीएमआरने डायबेटिसची पहिली मोठी पाहणी याच सुमाराला सुरू केली (१९७२ ते ७५), त्यात पुणेही होतं, आणि आकडा निघाला शहरात २.१ टक्के, खेड्यात १.५ टक्के. आणि याच वर्षी महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला ज्याचं नाव काढलं की अजून जुनी माणसं गप्प होतात.

आता २०२३ चा आकडा बघा. आयसीएमआरच्याच देशभरच्या अभ्यासात शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के लोकांना डायबेटिस निघाला, देशात मिळून साधारण १० कोटी १० लाख माणसं, आणि शिवाय १३ कोटी ६० लाख प्रीडायबेटिसवाले, म्हणजे साखर वाढलेली पण अजून डायबेटिसपर्यंत न गेलेली माणसं. सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के. दोन्ही पाहण्यांची पद्धत, वयाची अट, निदानाचे निकष वेगळे आहेत, त्यामुळे इतकेच पट वाढले असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण पन्नास वर्षांत चित्र पार बदललंय यात वाद नाही. अजून एक गोष्ट, प्रीडायबेटिसमध्ये शहर आणि खेडं जवळपास बरोबरीला आलेत. म्हणजे आज खेड्यात कमी दिसतोय तो आजार दारातच उभा आहे.

या पन्नास वर्षांत राहणीमानात जे बदललं ते बहुतेकांना माहितीच आहे म्हणून भराभर सांगतो. जातं गेलं, गिरणी आली. आडावरून पाणी शेंदणं गेलं आणि नळ आला, याचं वाईट वाटायचं काही कारण नाही, बायकांच्या कमरेचा तो जाच संपला हे चांगलंच झालं. रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागले आणि ज्वारी-बाजरीची भाकरी रोजच्या ताटातून मागे सरत गेली, आता तर ज्वारी गव्हापेक्षा महाग म्हणून ती 'हेल्दी' म्हणून मॉलमध्ये मिळते. साखर तर आपल्या अंगणातच पिकली, १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला आणि त्याच्या मागोमाग ऊसपट्टाच तयार झाला, गुळाच्या चहाची जागा साखरेच्या चहाने घेतली आणि तो दिवसातून चार-पाच वेळा व्हायला लागला. नव्वदनंतर स्वस्त आयात पामतेल, हिंजवडीची आयटी पार्कं, बाराबारा तास खुर्चीत. बसून राहण्याने काय होतं हे जगाला तसं १९५३ पासून माहीत आहे, लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली होती आणि दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी निघाला होता.

हे सगळं खरं आहे. पण मग हाच प्रश्न पडतो की साखर, मैदा, टीव्ही, गाड्या तर युरोप-अमेरिकेत आपल्या कितीतरी आधी आल्या, मग आपल्याला हा आजार त्यांच्यापेक्षा साधारण दहा वर्षं लवकर आणि त्यांच्यापेक्षा कमी वजनावर का गाठतो? तिकडे वजन जास्त म्हणायला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २५ लागतो, आपल्यासाठी तज्ज्ञांना तो २३ वर आणावा लागला. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या वर गेली की आपल्याकडे धोक्याची. हे का?

याचं उत्तर शोधायचं बरंचसं काम पुण्यात झालंय आणि मला वाटतं प्रत्येक मराठी माणसाला ते माहीत असायला हवं. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली, त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून. काय खातात, किती राबतात, रक्तात काय आहे, आणि मग मूल जन्मल्यावर लगेच त्याची मापं. त्यांच्याबरोबर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची मंडळी होती, डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल. बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधल्या सुईणी आणि आरोग्य सेविकांनी १९११ पासून लिहून ठेवलेल्या बाळांच्या वजनांच्या जुन्या वह्या हुडकून काढल्या होत्या आणि १९८९ मध्ये दाखवलं होतं की जन्मताना कमी वजन असलेल्यांना मोठेपणी हृदयविकाराने मरण येण्याचं प्रमाण जास्त होतं. तोपर्यंत १९६२ चा जेम्स नील यांचा 'काटकसरी जीन'चा विचार चालायचा, की उपासमारीत टिकणारे जीन आता भरल्या ताटाने उलटतात. बार्कर आणि त्यांचे सहकारी हेल्स यांनी १९९२ मध्ये वेगळं सांगितलं, जीन राहू द्या, आईच्या पोटात मिळालेलं पोषणच शरीराची बांधणी ठरवतं.

पुण्याजवळच्या गावांत काय दिसलं? बाळ जन्मलं की कार्यकर्ता घरी किंवा दवाखान्यात पोचायचा, वजन, लांबी, डोक्याचा-पोटाचा-दंडाचा घेर, आणि मग पाठीवर खांद्याच्या हाडाखाली कातडीची चिमूट धरून ती कॅलिपरच्या चिमट्यात मोजायची, एवढ्याशा जिवाच्या अंगावर चरबी किती ते त्यावरून कळतं. इथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपासची, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोच्या. आठशे ग्रॅमचा फरक. पण हा फरक सगळीकडे सारखा नव्हता, पोटाचा घेर कमी म्हणजे आतले अवयव लहान, दंड बारीक म्हणजे स्नायू कमी, आणि पाठीवरची ती चिमूट मात्र वजनाच्या मानाने चांगलीच जाड. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 'थिन-फॅट इंडियन बेबी' हे नाव जगभर गेलं. बाळ दिसायला रोडकं आणि आतून चरबीवालं. म्हणजे मोबाइल, बर्गर, सोफा काही आयुष्यात यायच्या आधीच, जन्मल्याच्या पहिल्या दिवशी.

दुसऱ्याच वर्षी, २००४ मध्ये, याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. आणि शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. काट्यावर दोघंही 'नॉर्मल'.

आतलं गणित असं आहे की गर्भाला कमी मिळालं की शरीर आधी मेंदू वाचवतं. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं आणि चरबी मात्र दुष्काळाची बेगमी म्हणून बाजूला टाकली जाते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, तोच कमी. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, त्याही कमी. जोवर खाणं बेताचं आणि राबणं भरपूर आहे तोवर हे सगळं निभतं. एकदा का चालणं संपलं, ताटात भात-चपाती-साखर वाढली, पोटावर नि यकृतात चरबी साठायला लागली की त्या तोकड्या यंत्रणेला ते पेलत नाही. म्हणून मी म्हणतो की लाइफस्टाइल दोषी आहेच, पण ती कुठल्या शरीरावर येऊन पडली तेही बघा.

आमच्या आत्यालाच बघा ना, माणदेशातली, वजन कधी पन्नासच्या वर गेलं नाही, आणि पन्नाशी यायच्या आत शुगर. दवाखान्यात तिला सांगितलं गोड कमी करा. ती गोड खायची दिवाळी आणि पुरणपोळीच्या सणाला. घरी येऊन ती कितीतरी दिवस विचार करत बसली की आपलं नेमकं चुकलं काय. मला राग येतो तो याचा, आजार झालेल्या माणसावरच गुन्हा टाकला जातो, आणि तो गुन्हा तिचा नसतो.

तिचा जन्म १९७३ चा. दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, त्यात बायका प्रचंड संख्येने, पाझर तलाव, रस्ते, खडी. खायला रेशनची लाल मिलो (ज्वारीसारखं आयात धान्य) आणि कामावर मिळणारी सुकडी. या कामांमुळेच मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले आणि त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला, हे महाराष्ट्राचं खरंच मोठं काम आहे. पण जीव वाचणं वेगळं आणि पोटातल्या बाळाला पुरेसं मिळणं वेगळं. आता हा हिशेब माझा आहे, अभ्यासातला नाही: ९३ ते ९६ मध्ये त्या सहा गावांत ज्या बायका आई झाल्या त्यातल्या बऱ्याच जणी जेमतेम विशीच्या, म्हणजे त्यांचे जन्म ७२-७५ च्या आसपासचे. आणि मुलगी गर्भात असतानाच तिची सगळी बीजांडं तयार होतात, म्हणजे दुष्काळात गरोदर असलेल्या एका बाईच्या पोटात मुलगी आणि त्या मुलीच्या पोटात नातवंडाचं बीज, तिन्ही पिढ्यांनी तो दुष्काळ एकदमच सोसला.

आणि ७२ हा काही पहिला नव्हता. १८७६ ते ७८ चा दुष्काळ पुणे, सोलापूर, नगर, सातारा आणि खाली मद्रास-म्हैसूरपर्यंत पसरला होता, पन्नास लाखांच्या वर माणसं गेली. ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला १ पौंड धान्य म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम आणि वर १ आणा इतकी खाली आणली. उपाशी माणसांनी इथे काम टाकून संप केला, पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. मग १८९६-९७, पुन्हा १८९९-१९००. यातल्या कुठल्या दुष्काळाचं किती ओझं आज आपल्या रक्तात आहे हे मोजून सांगता येणारी गोष्ट नाही, पण पिढ्यान् पिढ्या खुज्या राहिलेल्या आयांनी पिढ्यान् पिढ्या लहान बाळं जन्माला घातली हे तर समोरच आहे.

तसं बघायला गेलं तर दोन प्रकारचे रुग्ण असतात हे आयुर्वेदात चरकानेही लिहून ठेवलंय. प्रमेहाची (डायबेटिसशी मिळताजुळता आजार) कारणं सांगताना तो आरामात बसणं, झोपणं, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ हे सगळं मोजतो, म्हणजे आजच्या भाषेत लाइफस्टाइलच. पण पुढे उपचार सांगताना रुग्ण एक स्थूल आणि एक कृश असे वेगळे करतो, आणि कृशाला उपाशी ठेवू नका, त्याचं पोषण करा म्हणतो. त्याचा कृश रुग्ण आणि आमची आत्या एकच, असं मी म्हणणार नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं नाही एवढं भान तेव्हा होतं.

पुण्याच्या अभ्यासात अजून एक धागा निघाला तो बी-१२ चा. गरोदर बायकांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींमध्ये ते कमी होतं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मटण-मासे यातून मिळतं. घरात गाय असायची, पण सकाळी किटली डेअरीला, घरात राहायचं ते चहापुरतं, आणि बाई जेवायला बसायची सगळ्यांच्या शेवटी. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलेट (म्हणजे फॉलिक अॅसिडच्या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व) जास्त होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं. उलट ज्या बायका गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त खात होत्या त्यांची बाळं चांगल्या बाळशाची, आणि ज्या शेतात जास्त राबत होत्या त्यांची लहान. तीच बाळं अठरा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा अंगाने बारीक असलेल्या त्या पोरांमध्ये बऱ्याच जणांची साखर प्रीडायबेटिसपर्यंत पोचलेली होती.

म्हणून याज्ञिकांच्या टीमने २०१२ मध्ये त्याच मुलामुलींना, ती सतरा-अठराची असताना, बी-१२ च्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. लग्न व्हायच्या, दिवस जायच्या कितीतरी आधी. आपल्या सरकारी कार्यक्रमात गरोदर बाई नोंदवली जाते ती बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, गरोदरपणातल्या लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या तिथून सुरू होतात, आणि बाळाचे अवयव तोवर बनून झालेले असतात. डायबेटिस रोखायचा कार्यक्रम तिशी ओलांडलेल्या माणसाची साखर तपासून सुरू होतो. खरं तर तो गावातल्या शाळेत आठवी-नववीत शिकणाऱ्या, सकाळी चहा-खारी खाऊन एसटी पकडणाऱ्या मुलीच्या डब्यापासून सुरू व्हायला पाहिजे.