क्षारांच्या विद्रावणातील व विरलनातील एन्थॅल्पी बदल

स्थिर दाबाखाली क्षार पाण्यात विरघळताना जी उष्णता शोषली जाते किंवा बाहेर पडते, ती त्याची विद्रावण एन्थॅल्पी. उष्णता शोषली गेली तर चिन्ह धन, बाहेर पडली तर ऋण.

चंचुपात्रातल्या 100 ग्रॅम पाण्यात 8 ग्रॅम, म्हणजे 0.1 मोल, अमोनियम नायट्रेट टाकून ढवळले की पात्र हाताला गार लागते. एका मोलला सुमारे 25.7 किलोज्यूल लागतात, म्हणजे इथे 2.57 किलोज्यूल. याला द्रावणाचे वस्तुमान (108 ग्रॅम) आणि विशिष्ट उष्मा (पाण्याचा, म्हणजे ग्रॅममागे दर अंशाला 4.18 ज्यूल, धरू) यांच्या गुणाकाराने भागले की तापमानातली घट 5.7 अंश येते. वस्तुमान म्हणून नुसते 100 ग्रॅम घेणे ही नेहमीची चूक. क्षारही गार होतच असतो.

क्षार विरघळताना स्फटिकाचे जालक, म्हणजे त्यातली आयनांची घट्ट मांडणी, मोडायला ऊर्जा लागते आणि सुटे आयन पाण्याच्या रेणूंनी वेढले गेले की ती परत मिळते. मिठाचे जालक मोडायला मोलमागे सुमारे 787 किलोज्यूल लागतात, परत मिळतात जवळपास 783. उरतात अवघे 4. मोठ्या आकड्यांत एका टक्क्याची चूक झाली तरी ती उत्तराच्या दुप्पट भरते. म्हणून कागदावरच्या बेरीज-वजाबाकीपेक्षा उष्णतामापी अधिक विश्वासाचा. त्याची पारख पोटॅशियम क्लोराइडने करतात : 25° से. ला 1 मोल क्षार 500 मोल पाण्यात विरघळताना 17.58 किलोज्यूल शोषतो.

‘किती पाण्यात’ हे सांगितल्याखेरीज आकडा अपुरा राहतो. 1 मोल मीठ जेमतेम 9 मोल पाण्यात, म्हणजे संपृक्त होईपर्यंत, विरघळवले तर सुमारे 2 किलोज्यूल शोषले जातात; अमर्याद पाण्यात 3.9. हेसच्या नियमानुसार (1840) मार्ग कोणताही असो, एकूण बदल तोच. त्यामुळे या दोन आकड्यांतला फरक, सुमारे +1.9, हीच त्या संपृक्त द्रावणाची विरलन एन्थॅल्पी, म्हणजे आणखी पाणी घालून ते पातळ करताना होणारा बदल. नुसते पाणी ओतूनही ते किंचित गार होते, हे अनेकांना खरे वाटत नाही.

थेट मोजता न येणारे बदलही याच नियमाने मिळतात. पांढरे निर्जल कॉपर सल्फेट विरघळताना मोलमागे सुमारे 66 किलोज्यूल बाहेर टाकते, निळे पंचजलीय (मोलमागे 5 मोल पाणी धरलेले) स्फटिक उलट 12 शोषतात. अंतिम द्रावण एकच असेल, तर पांढऱ्याचे निळे होताना −66 − 12, म्हणजे −78 किलोज्यूल. वजाबाकीत दुसऱ्या आकड्याचे चिन्ह उलटायला विसरले की उत्तर −54 येते, आणि ते दिसायला अगदी बरोबर दिसते.