रेस्ट आली की बोट उचला
(नवीन कीबोर्ड घेणाऱ्यांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक)

“कीबोर्ड गिचमिड वाजतो, सूर एकमेकांना चिकटतात,” अशी तक्रार घेऊन अधूनमधून कुणीतरी दुकानात येतं. तपासून पाहावं तर कीबोर्ड ठणठणीत. मग आम्ही त्यांनाच वाजवायला सांगतो आणि दोष लगेच कळतो. कागदावर रेस्ट, म्हणजे गप्प राहण्याची खूण, आलेली असते, पण बोट पट्टीवरून उठलेलंच नसतं.

ही चूक हार्मोनियम शिकून आलेल्यांची जास्त होते, आणि त्याला कारण आहे. भातखंडे स्वरलिपीत ‘सा – – रे’ लिहिलं, तर मधल्या दोन रेघांवर सा धरून ठेवायचा असतो. गाण्याच्या शब्दांमधला ‘ऽ’ही लांबवायलाच सांगतो. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच आडव्या रेषांच्या पाश्चात्त्य लिपीत, लांबवणं नोटच्या (स्वराच्या खुणेच्या) आकारातून, तिच्यापुढच्या टिंबातून किंवा दोन नोटा जोडणाऱ्या कमानीतून कळतं. रेस्टची खूण वेगळी. तिथे आवाज बंद, मोजणी मात्र चालू.

तबला ऐकणाऱ्यांना हे चटकन पटतं. दमदार तिहाईत एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात; त्यात दोन पल्ल्यांमध्ये जो दम (थांबा) असतो, तो मोजलेलाच असतो. तो आखडला तर सम हुकते. रेस्टचंही तसंच.

आता खुणा. चौथ्या रेषेला (रेषा खालून मोजायच्या) खाली लोंबणारा काळा ठोकळा म्हणजे सेमीब्रीव्ह रेस्ट, चार मात्रांची. खुंटीला टांगलेली भरलेली पिशवी समजा. तसाच ठोकळा तिसऱ्या रेषेवर पाटासारखा ठेवलेला दिसला, तर ती मिनिम रेस्ट, दोन मात्रांची. या दोघींत गोंधळ सगळ्यांचाच होतो, आमचाही झाला होता. एका मात्रेची क्रॉचेट रेस्ट नागमोडी असते. अर्ध्या मात्रेची क्वेव्हर रेस्ट इंग्रजी सातच्या आकड्यासारखी, एका हुकाची. सेमीक्वेव्हर रेस्टला दोन हूक, मात्रा पाव. रेस्टपुढे टिंब असेल तर तिची लांबी दीडपट होते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवाच. अख्खा बार (दोन उभ्या रेघांमधला भाग) रिकामा असेल तर ३/४ मध्येही, म्हणजे बारला तीन मात्रा असतानाही, तीच टांगलेली पिशवी लिहितात. तिथे तिच्या मात्रा चार नव्हेत, तीनच. परीक्षेला बसणारी मुलं इथे हमखास चौथी मात्रा मोजतात.

मोजणी का सोडायची नाही, याचं उत्तम उदाहरण बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात. ती १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. ते चार स्वर सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, पण कागदावर त्यांच्या आधी एक क्वेव्हर रेस्ट आहे. ताल २/४, म्हणजे बारला दोन मात्रा, त्यामुळे बारची पहिली अर्धी मात्रा निःशब्द. मग तीन आखूड स्वर, आणि चौथा लांब स्वर पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर समेकडे नेणारा तीन स्वरांचा मुखडा आणि चौथ्यावर सम. रेस्ट गाळून पहिल्याच स्वरावर जोर दिला, तर सम तिथेच आल्यासारखी वाटते आणि सगळा तोल जातो.

घरी सराव करताना पियानोचा आवाज लावू नका. पियानोचा सूर आपोआप विरतो, त्यामुळे बोट राहिलं तरी चूक झाकली जाते. ऑर्गनचा आवाज निवडा. पट्टी दाबलेली असेपर्यंत तो सोडतच नाही, चूक लगेच उघडी पडते. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवा, आकडे मोठ्याने म्हणा आणि रेस्टच्या मात्रेवर हात पट्ट्यांपासून चांगला वितभर वर न्या. थोडं नाटकी दिसेल, दिसू द्या. सवय झाली की नुसतं बोट सैल सोडलं तरी पुरतं.

एवढं करूनही सूर चिकटत असतील, तर सस्टेन, म्हणजे बोट उचलल्यावरही सूर लांबवणारी सोय, तपासा. काही मॉडेलमध्ये ते बटणाने चालू राहून जातं. पेडल असेल, तर कीबोर्ड सुरू करताना त्यावर पाय नको. पुष्कळ कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची दिशा ओळखतात. पाय दाबलेला असला तर सगळं उलटं होतं, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबतो आणि दाबल्यावर तुटतो. अशा वेळी कीबोर्ड बंद करा, पाय काढा आणि पुन्हा चालू करा. तरीही फरक पडला नाही तर कीबोर्ड दुकानात आणा. पेडल आणि अडॅप्टर सोबत असू द्या, आणि जमलं तर ज्या पानावर अडलात ते पानही.