माऊसहोल्ड हीथ: चित्रात उरलेलं गायरान

लंडनच्या टेट संग्रहालयात जॉन क्रोमचं एक मोठं तैलचित्र आहे, सुमारे 1818 ते 1820 मधलं. पुढे रानटी झुडपं आणि तण, मग उतरत जाणारा माळ, चरणारी जनावरं, आणि वर ढगांनी उजळलेलं अफाट आभाळ. ना वाडा, ना चर्चचा मनोरा. ‘हवा आणि मोकळीक’ यांसाठी हे चित्र काढलं, असं क्रोम म्हणाल्याचं सांगतात. हा माळ म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरिच शहराला लागून असलेला माऊसहोल्ड हीथ. चित्र रंगत होतं तेव्हा त्यातला बराचसा भाग कुंपणाआड गेलेलाही होता. हे कळल्यापासून मला ते चित्र निव्वळ निसर्गचित्र म्हणून पाहता आलेलं नाही.

‘हीथ’ला आपल्याकडचा जवळचा शब्द माळरान, पण वापराच्या अंगाने पाहिलं तर तो गायरानच. जमीन वाळूची, खडीची, शेतीला हलकी. मूळचं रान तोडून आणि चरून उघडं पडलेलं. मालकी कागदोपत्री कोणाचीही असो, आजूबाजूच्या गावांना तिथे मेंढ्या चारायचा, सरपण न्यायचा हक्क होता. गरिबाचं घर अशा हक्कांवर चालायचं.

त्या हक्कांसाठी इथे रक्तही सांडलं आहे. 1549 च्या जुलैमध्ये जमीनदारांनी सामायिक जमिनीला घातलेली कुंपणं लोक उपटू लागले. विंडमचा रॉबर्ट केट हा स्वतः जमीनदार. जमाव त्याच्या दारी आला तेव्हा त्याने आपलीच कुंपणं पाडायला संमती दिली आणि तो त्यांचा पुढारी झाला. सुमारे 16,000 माणसांनी माऊसहोल्डवर तळ दिला. एका ओक वृक्षाखाली न्यायनिवाडे होत. राजाकडे 29 मागण्या गेल्या. जमीनदारांनी सामायिक कुरणात आपली जनावरं घालू नयेत, ही त्यातली एक. वेठीला बांधलेल्या सगळ्यांना मुक्त करा, ही दुसरी. बंडखोरांनी नॉरिच शहर घेतलंही. पण ऑगस्टअखेर अर्ल ऑफ वॉरिकच्या फौजेने त्यांना चिरडलं, आणि 7 डिसेंबरला केटला नॉरिचच्या किल्ल्यावर फासावर लटकवलं.

कुंपण मात्र परत आलं, या वेळी संसदेच्या कायद्याने. 1800 च्या आसपास हीथचे तुकडे पडले आणि ते शेतीखाली गेले.

क्रोम याच शहरातला, विणकराचा मुलगा. घोडागाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे उमेदवारी करत तो हात शिकला. पुढे थॉमस हार्वी या संग्राहकाच्या घरी होब्बेमासारख्या डच चित्रकारांची चित्रं पाहून त्यांच्या नकला केल्या. 1803 मध्ये त्याने मित्रांसोबत नॉरिच सोसायटी ऑफ आर्टिस्ट्स काढली आणि 1805 पासून तिची प्रदर्शनं भरू लागली. लंडनबाहेर, आपल्या गावच्या नदीचं, पायवाटांचं, माळाचं चित्र काढणारी अशी मंडळी तिथे तेव्हा नवीनच होती. जॉन सेल कॉटमननेही 1810 मध्ये माऊसहोल्ड जलरंगात रंगवला, पण सपाट, स्वच्छ रंगपट्ट्यांत. क्रोमचा माळ खरबरीत आहे, पायाखालचा आहे. कुंपण त्याला दिसत नव्हतं असं मी मानत नाही. लहानपणी पाहिलेला माळच त्याने कॅनव्हासवर धरून ठेवला, असं मला वाटतं. 1821 मध्ये तो गेला.

उरलेला हीथ 1880 च्या दशकात शहराच्या ताब्यात आला. तेव्हाही शेजारच्या पॉकथॉर्प वस्तीतले लोक तिथल्या खडी-मातीवरच्या जुन्या हक्कासाठी भांडले. आज सुमारे 74 हेक्टर राहिला आहे. चराई थांबली, तसे बर्च आणि ओक माजले. क्रोमचं ते मोकळं क्षितिज आता झाडांनी झाकलेलं आहे.

नॉरिचच्या किल्ल्यात 1894 पासून संग्रहालय आहे. क्रोम, कॉटमन आणि त्यांच्या साथीदारांच्या चित्रांचा मोठा संग्रह तिथे आहे. त्याच किल्ल्याच्या भिंतीवर 1949 मध्ये, फाशीला 400 वर्षं झाल्यावर, नॉरिचकरांनी केटच्या सन्मानार्थ पाटी बसवली.