सरकारी ताटात गावचे अन्न : ब्रिटनमधील प्रश्नाची पार्श्वभूमी

सार्वजनिक पैशातून शिजणाऱ्या अन्नापैकी निम्मे तरी स्थानिक असावे किंवा पर्यावरणाचे वरचे निकष पाळून पिकवलेले असावे, असे उद्दिष्ट 2022 मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या सरकारने मांडले. 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षानेही तेच आपल्या जाहीरनाम्यात घेतले. दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट प्रत्यक्षात इतकी अवघड का, याचे उत्तर शाळांच्या स्वयंपाकघरांच्या इतिहासात आहे.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धासाठी (1899-1902) भरतीला आलेले कितीतरी तरुण कुपोषणामुळे अपात्र ठरले आणि सरकार हादरले. 1906 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना उपाशी मुलांना जेवण देण्याची परवानगी मिळाली. ब्रॅडफर्ड शहराने त्यात पुढाकार घेतला. पोट भरणे हाच तेव्हा प्रश्न होता. गहू कॅनडाचा, मांस अर्जेंटिनाचे, लोणी न्यूझीलंडचे, यात कोणाला वावगे वाटत नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर देशाचे सुमारे दोन तृतीयांश अन्न बाहेरून येत होते.

महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवायला सुरुवात केल्यावर हा परावलंबीपणा अंगाशी आला. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या काळात सार्वजनिक भोजनगृहे निघाली. त्यांना ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ हे नाव चर्चिल यांनी सुचवले. 1943 मध्ये अशी 2,000 हून अधिक भोजनगृहे होती. 1944 च्या शिक्षण कायद्याने शाळेत जेवण देणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले आणि 1947 च्या कायद्याने शेतकऱ्याला भावाची हमी दिली. देशभर स्वयंपाकघरे उभी राहिली, त्यांत पगारी स्वयंपाकिणी आल्या. माझ्या मते या काळाची सर्वांत मोठी कमाई हीच.

ती 1980 च्या दशकात घालवली गेली. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने 1980 मध्ये पोषणाचे निकष आणि ठरावीक दर काढून टाकले. मोफत जेवणास पात्र मुले सोडली तर इतरांना जेवण देण्याचे बंधनही गेले. काही कौंटींनी (जिल्ह्यांसारख्या विभागांनी) प्राथमिक शाळांतले गरम जेवणच थांबवले. मग 1988 चा स्थानिक शासन कायदा आला. त्याने शालेय भोजनासारख्या सेवांसाठी निविदा सक्तीच्या केल्या, म्हणजे स्वस्तात देईल त्याला काम. त्याच कायद्याच्या 17 व्या कलमाने माल कोणत्या देशातून आला याचा विचार करण्यासही स्थानिक संस्थांना मनाई केली. भाजी चिरायला, कणीक मळायला माणसेच उरली नाहीत. उरले ते गोठवलेले पदार्थ गरम करणारे ओव्हन. अशा शाळेला शेजारचा शेतकरी बटाट्याची पोती कशी विकणार?

पुढच्या सुधारणा संकटांमागून आल्या. 1996 मध्ये गायींच्या मेंदूला होणाऱ्या ‘मॅड काऊ’ रोगाचा माणसांशी संबंध उघड झाला, 2001 मध्ये लाळ-खुरकुताची साथ आली. सर डॉन करी यांच्या आयोगाने 2002 मध्ये शेती आणि ग्राहक यांचे तुटलेले नाते जोडण्याची शिफारस केली. 2003 मध्ये सार्वजनिक अन्नखरेदीचा पहिला राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. पण युरोपीय संघाच्या नियमांनुसार निविदेत ‘ब्रिटिश’ किंवा ‘स्थानिक’ अशी अट घालता येत नसे.

यातून वाट काढली स्कॉटलंडमधल्या ईस्ट एअरशायरच्या स्थानिक परिषदेने. 2004 पासून परिषदेचे अधिकारी रॉबिन गुर्ले यांच्या पुढाकाराने तिथे एका मोठ्या कंत्राटाऐवजी मांस, भाजी, दूध अशी लहान कंत्राटे निघाली. ताजेपणा, हंगाम, सेंद्रिय माल यांना गुण दिले गेले आणि भाज्यांच्या आकाराचे नियम सैल केले. कुठेही ‘स्थानिक’ हा शब्द न लिहिता लहान उत्पादकांना निविदा भरता आली. शिजवायला स्वयंपाकिणी शाळेत होत्या, म्हणून ते साधले. कॉर्नवॉल आणि नॉटिंगहॅमच्या रुग्णालयांनीही त्याच दशकात आसपासच्या पुरवठादारांना जोडून घेतले.

इंग्लंडमध्ये 2005 साली शेफ जेमी ऑलिव्हर यांनी दूरचित्रवाणीवरून शालेय जेवणाची दुर्दशा दाखवली. मुलामागे जेमतेम 37 पेन्सचा कच्चा माल वापरला जात असल्याचे पाहून पालक संतापले. पोषणाचे निकष कडक झाले. 2013 मध्ये गोमांस म्हणून घोड्याचे मांस विकले गेल्याचे उघड झाले, लँकेशायरच्या शाळांत दिल्या जाणाऱ्या ‘पाय’ (pie) या मांसाच्या भाजलेल्या पदार्थातही त्याचा अंश सापडला. त्यानंतर 2014 मध्ये सार्वजनिक खरेदीची नवी योजना आली. तिच्यात किमतीबरोबर दर्जा आणि शेतीच्या पद्धतीही तोलायच्या होत्या.

युरोपीय संघ सोडल्यावर सगळे बंध सुटतील ही समजूत खरी ठरली नाही. ठरावीक रकमेवरील कंत्राटांना जागतिक व्यापार संघटनेचा सरकारी खरेदीचा करार लागू आहेच, आणि तो परदेशी पुरवठादारांशी भेदभाव करू देत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अमलात आलेल्या नव्या खरेदी कायद्याने लहान पुरवठादारांचा मार्ग थोडा सोपा केला. पैशाचे दुखणे मात्र जुनेच. इंग्लंडच्या लहान मुलांना 2014 पासून मोफत जेवण मिळू लागले तेव्हा सरकार एका ताटामागे 2.30 पौंड देत होते. 2019 पर्यंत तो दर बदलला नाही. धान्य-भाजी, इंधन आणि स्वयंपाकिणीचा पगार हे सगळे त्यातच भागवायचे होते.