बोट लागू नये म्हणून : सुंठ, मनगटपट्टा आणि जागे राहण्याची गरज

गाडी लागते तशी बोटही लागते, असे आपण मराठीत सहज म्हणतो. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी-मालवणकडे आगबोटी जात, त्या काळात शिदोरीसोबत आलेपाकाची वडी किंवा मीठ-लिंबू लावलेले आल्याचे काप बांधून घेतले जात. अशा उपायांना ‘घरगुती’ म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यांच्यामागे खरी गरज आहे.

बोट लागण्याचे मूळ पोटात नसते. आतल्या कानाला जहाजाचे हेलकावे जाणवतात, पण बंद केबिनमध्ये डोळ्यांना सारे स्थिर दिसते, आणि या दोन विसंगत साक्षींमुळे मेंदू गोंधळतो. म्हणूनच डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत राहिल्यास बरे वाटते. १८३१ च्या डिसेंबरात ‘बीगल’वरून निघालेल्या चार्ल्स डार्विनला हा त्रास फार झाला, आणि आपल्या पोटाला बिस्किटे व मनुका एवढेच सोसते, असे त्याने वडिलांना कळवले.

खात्रीचे औषध योगायोगाने सापडले. १९४७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका रुग्ण स्त्रीला डायमेनहायड्रिनेट हे ॲलर्जीवरचे औषध देण्यात आले, आणि तिला नेहमी लागणारी ट्रॅम लागेनाशी झाली. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, सैनिकांना घेऊन युरोपकडे निघालेल्या जहाजावर त्याची चाचणी होऊन उपयोग सिद्ध झाला. मात्र या औषधाने झोप येते. प्रवाशाने झोपून जावे हे ठीक. पण शिडाच्या बोटीवर जो सुकाणू धरून बसला आहे किंवा रात्रीच्या पाळीवर आहे, त्याला पेंग येणे हेच संकट असते. पर्यायी उपायांचा शोध चालू राहिला, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

१९८२ मध्ये अमेरिकेत, हालचालीचा त्रास लवकर होणाऱ्या ३६ विद्यार्थ्यांना डोळे बांधून फिरत्या खुर्चीत बसवले गेले. त्यांच्यापैकी ज्यांना ९४० मिलिग्रॅम सुंठ पूड दिली होती, ते डायमेनहायड्रिनेट घेतलेल्यांपेक्षा अधिक वेळ टिकले. खुर्ची म्हणजे समुद्र नव्हे, म्हणून मला १९८८ ची डॅनिश चाचणी अधिक मोलाची वाटते : समुद्राची सवय नसलेल्या ८० नौदल छात्रांना खवळलेल्या समुद्रात १ ग्रॅम सुंठ किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी पूड देऊन चार तास, दर तासाला लक्षणे नोंदवली गेली. सुंठीने उलट्या आणि थंड घाम स्पष्टपणे कमी झाले, पण मळमळ व चक्कर यांतला फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. पुढे १९९१ मधील एका प्रयोगात आल्याचा लाभच दिसला नाही. सुंठीचे काम मुख्यतः पोटावर चालते आणि कानाच्या संवेदनांना ती हात लावत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे डॅनिश छात्रांची उलटी थांबावी पण चक्कर तितकी थांबू नये, याचा उलगडा होतो.

मनगटावरचा एक बिंदू दाबून मळमळ रोखू पाहणाऱ्या मनगटपट्ट्याची कथा १९८० च्या दशकातली. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने आपलीच तीन बोटे आडवी ठेवावीत. तिसऱ्या बोटाच्या कडेला, दोन ताठ स्नायुरज्जूंच्या मधली खोलगट जागा म्हणजे चिनी वैद्यकातला ‘नेइग्वान’ बिंदू. पट्ट्यावरची गुंडी तिथेच दाबून बसावी लागते. बोटीच्या त्रासावर या पट्ट्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीत मात्र याच बिंदूच्या उपयोगाला अधिक आधार मिळाला आहे.