बरगडीतून नव्हे, पेशींतून घडणारा कान

परळच्या एका दवाखान्यात शेजारच्या बाकावर सहा-सात वर्षांचा मुलगा बसला होता. त्याचा चष्मा सारखा उजवीकडे घसरत होता, कारण त्या बाजूला काडी अडकवायला कानच नव्हता. होती फक्त शेंगदाण्याएवढी गाठ आणि खाली पाळीचा तुकडा. आईने दोन्ही काड्यांना इलॅस्टिक बांधून डोक्यामागून घेतलं होतं. तिच्या सासूबाईंना अजून वाटतं, ग्रहणात सुनेने विळीला हात लावला म्हणून असं झालं. तसं अजिबात नसतं. या व्यंगाला मायक्रोशिया म्हणतात. दर 10,000 बाळांमागे साधारण 1 ते 4 बाळांमध्ये ते दिसतं, बहुतेकदा एकाच कानात आणि जास्त करून उजव्या.

कानाची वरची कड, जिथे भिकबाळी घालतात तो भाग, दुमडून सोडून पाहा. लगेच जागेवर येतो. हा गुण कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा. तिच्यात इलॅस्टिनचे लवचिक तंतू असतात, पण रक्तवाहिन्या नसतात. म्हणून दुखावलेली कूर्चा स्वतःहून नीट भरून येत नाही. आणि रक्तवाहिन्या लागत नाहीत म्हणूनच तिचा पातळ थर शरीराबाहेर वाढवता येतो.

आजची रुळलेली शस्त्रक्रिया बरगडीवर उभी आहे. अमेरिकेतल्या रॅडफर्ड टान्झर यांनी 1959 मध्ये तिचा पाया घातला. छातीतून बरगडीची कूर्चा काढायची, कोरून कानाचा सांगाडा करायचा आणि तो कातडीखाली बसवायचा. त्यासाठी मूल पुरेसं मोठं व्हावं लागतं आणि छातीची जखमही सोसावी लागते. दुसरा मार्ग सच्छिद्र पॉलिइथिलीन या प्लास्टिकच्या तयार सांगाड्याचा. त्यात छाती उघडावी लागत नाही, पण वस्तू जन्मभर परकीच राहते. वरची कातडी फाटली की सांगाडा उघडा पडतो, जंतुसंसर्ग होतो.

1997 मध्ये पाठीवर माणसाच्या कानाचा आकार असलेल्या उंदराचं छायाचित्र जगभर गाजलं. तो कान माणसाचा नव्हता. विरघळणाऱ्या साच्यावर गाईच्या कूर्चापेशी वाढवल्या होत्या, आणि परक्या पेशी नाकारू नयेत म्हणून उंदीरही प्रतिकारशक्ती नसलेला निवडला होता. खरी अडचण पुढे होती. नवी कूर्चा कोवळी असते, वरची कातडी आकसते आणि आकार चपटा होतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींची संख्या वाढवत नेली की त्या कूर्चा बनवण्याचं काम हळूहळू विसरतात.

म्हणून मला जिवंत आणि कृत्रिम यांची जोडणीच शहाणपणाची वाटते. चीनमधल्या गटाने 2018 मध्ये पाच मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. धडधाकट कानाचं सीटी स्कॅन काढून त्याच्या आरशातल्या प्रतिमेप्रमाणे साचा थ्रीडी प्रिंट केला. आतला गाभा पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा. हे द्रव्य विरघळायला वर्षं घेते, तोवर आकार तोलून धरते. भोवती लवकर विरघळणाऱ्या तंतूंचा थर, आणि त्यात मुलाच्या त्या अर्धवट कानातूनच घेतलेल्या पेशी. सुमारे तीन महिने वाढवून तो कान बसवला. ज्या गाठीकडे घरचे खंत करत बघतात, तिच्यातच बियाणं होतं! पहिल्या मुलीचा कान अडीच वर्षांनंतरही आकार धरून होता. 2022 मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच पेशींपासून थ्रीडी प्रिंट केलेला कान बसवल्याचं जाहीर झालं.

बाकावरच्या त्या आईने विचारलं, “मग थांबू का आम्ही?” मी नाही म्हटलं. मोजक्या रुग्णांवरून दहा-वीस वर्षांचा टिकाऊपणा कळत नाही. बरगडीच्या कानाचा कळलेला आहे. त्याहून घाईची गोष्ट वेगळीच. मायक्रोशियात कानाचं भोकही अनेकदा बंद असतं, आणि बाहेरचा कान कितीही सुबक झाला तरी त्याने ऐकू येत नाही. आवाजाची कंपनं हाडातून पोहोचवणारं यंत्र कपाळाच्या पट्ट्यावर अगदी तान्ह्या बाळालाही लावता येतं. त्या मुलाची श्रवणचाचणी अजून झालीच नव्हती. आईने फाइलच्या मागे ते लिहून घेतलं.